आर्जेंट स्ट्रीटवरचं ऊन

सकाळी सातला पडदा सारताना काचेला हात लागला आणि कळलं, आज तो दिवस आहे. वारा उत्तरेचा होता. अ‍ॅडलेडला उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की समजायचं, वाळवंटानं आपलं दार उघडलं. आमच्या मॉसन लेक्सच्या तळ्यातली बदकं पुलाखालच्या सावलीत दाटीवाटीनं बसली होती. शेजाऱ्यानं कुत्र्याला घरात घेतलं होतं. फोनवर सरकारी मेसेज येऊन पडला होता: बाहेर पडू नका, पाणी पीत राहा, म्हाताऱ्या माणसांची चौकशी करा.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिनं विचारलं, "बाबा, इज इट अ पूल डे?"

"नाही. आज घरातच."

"व्हाय?"

मी पडदा परत ओढून घेतला. दर जानेवारीत हा वारा येतो आणि दर जानेवारीत ती मुलगी महिन्याचीसुद्धा नव्हती तेव्हाची एक दुपार परत येते.  गिळायला जातो तर जीभ टाळूला चिकटते, मग मी पाण्याचा नळ सोडून नुसता उभा राहतो.

मी बार्शीचा. आमच्या भावकीत कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस. बी.एस्सी. केमिस्ट्री, मग इथल्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स, मग लॅबमध्ये नोकरी. खाणीतून आलेल्या दगडाचं पीठ करायचं आणि त्यात चांदी किती, शिसं किती, जस्त किती ते सांगायचं. काहींना घरातून जमीन मिळते तसा मानही मिळतो. मला माझा एकेक मार्क मोजून मिळवावा लागला, म्हणून तो मी जरा मिरवतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही असं मला वाटत आलंय. त्या एका दुपारी मात्र तो मिरवताना मी मागे वळून बघितलं नाही.

माझे वडील, अण्णा, एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं बार्शी-कुर्डुवाडी, बार्शी-तुळजापूर, कधी लांबचा पल्ला. रिटायर झाल्यावर आईबरोबर पहिल्यांदाच इकडे आले ते नातीच्या जन्माला. आईला बाळ होतं, बाळाची आई होती, शेक-शेगडी होती. अण्णांना काहीच नव्हतं. ते रोज तळ्याला चक्कर मारायचे आणि बसस्टॉपवर बसून बस बघायचे. घरी येऊन सांगायचे, "आरं, येवढी मोठी गाडी आन् आत तीन माणसं. डिझेल तरी सुटतं का?"

मला ते बघवेना. म्हटलं, ह्यांना काहीतरी दाखवू. समुद्र त्यांनी पाच मिनिटं बघितला आणि "पाणी हाय" म्हणाले. मग ठरवलं, ब्रोकन हिल. माझ्या लॅबमधले दगड जिथून येतात ते गाव. वाळवंटातलं शहर, शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारती, रुंद रस्ते. पोराचं काम कसलं असतं तेही कळेल.

नेहा, माझी बायको, बाळाला पाजता पाजता म्हणाली, "अरे, जानेवारीत? बाहेर बघ जरा."

"अण्णांना ऊन काय नवीन? बार्शीचे आहेत ते."

हे वाक्य माझं. मी ते अगदी ठसक्यात बोललो होतो.

बार्शीचं ऊन मला पाठ आहे. ते अंगावर बसतं. घाम फुटतो, मानेवरून पाठीत उतरतो, शर्ट चिकटतो आणि माणसाला कळतं की आता सावली बघावी. इथलं आतल्या मुलखातलं ऊन तसं बोलत नाही. हवा इतकी कोरडी की घाम सुटताच उडून जातो. अंगातलं पाणी चाललेलं असतं आणि अंगावर खूण नसते. हे मला माहीत होतं. सहा वर्षं ह्या देशात काढलेली, केमिस्ट्री शिकलेला माणूस मी, मला माहीत नसायला काय झालं होतं?

आदल्या दिवशी संक्रांत झाली होती. आईनं भाकरी, शेंगाचटणी आणि डबाभर तिळगुळाचे लाडू बांधून दिले. तीळ आणि गूळ, दोन्ही अंगात ऊब धरणारे, गावाकडच्या जानेवारीसाठी बनलेले. आम्ही ते चव्वेचाळीस डिग्रीत घेऊन निघालो. सण गावाकडून आला होता आणि ऋतू इथला होता, पण आईचं काय चुकलं त्यात?

पहाटे पाचला निघालो. पाचशे किलोमीटर. अण्णा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायला आधी तयार होईनात. हातात काही नसताना समोर बसायचं त्यांना जड जात होतं. माझ्या प्रत्येक ओव्हरटेकला त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. तासा-दीड तासानं बरा नावाचं गाव लागलं. ते म्हणाले, "बरा? आजारी व्हतं का आधी?" आम्ही दोघं हसलो. तिथं ते टॉयलेटला जाऊन आले. पाऊण तासानं परत म्हणाले, "बाळा, जरा बाजूला घेतोस का?"

"परत? आत्ताच तर थांबलो होतो."

"म्हातारपण हाय, लेका."

थांबलो. आणखी अर्धा तास गेला. दोन्ही बाजूंना तांबडी माती आणि गुडघ्याएवढी करडी झुडपं, झाड नाही, घर नाही. ते खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "थांबतोस का रे?"

गाडी कडेला घेतली. अण्णा एका झुडपाआड गेले, म्हणजे झुडूप त्यांच्या गुडघ्याला आणि ते वर उघडे. तेवढ्यात मागून एक गाडी आली, आतल्या पोरांनी हॉर्न वाजवला, एकानं बाहेर तोंड काढून आरोळी ठोकली. माझे कान तापले. अण्णा परत येऊन बसले, पट्टा लावला आणि मी बोललो.

"अण्णा, ही काय तुमची लाल गाडी आहे का, हात केला की थांबायला? आणि असं उघड्यावर चालत नाही इथे, दंड होतो. पाणी जरा बेतानं प्या ना."

ते म्हणाले, "बरं."

एवढंच. आवाज चढलेला नव्हता, रुसलेलाही नव्हता. गाडी सुरू झाली.

हे लिहिताना मला त्यांची गाडी दिसते. मी शाळेत असताना सुट्टीत त्यांच्या बसमध्ये बसून जायचो. मधेच कुणी म्हातारा उठून दांडा धरत पुढे यायचा, कानाशी काहीतरी पुटपुटायचा. अण्णा ब्रेक मारायचे. मागून पब्लिक ओरडायचं, "ओ ड्रायव्हर, टायमाचं काय?" अण्णा आरशात बघून म्हणायचे, "नडल्याबिगर माणूस गाडी थांबवत न्हाई. बसा खाली." तो म्हातारा परत चढेपर्यंत ते इंजिन चालू ठेवून, हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत बसायचे. त्याच्याकडे बघायचे नाहीत. त्याला लाज वाटू नये म्हणून असेल. मी हे शेकडो वेळा बघितलेलं.

युंटा नावाच्या गावात पेट्रोल भरलं. त्यांच्यासाठी गार पाण्याची बाटली घेतली. ती त्यांनी मांडीवर धरली.

"प्या ना."

"पितो की."

टॉयलेटला जायचंय का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही म्हटलं नाही. मी तिथून पुढे दीडशे किलोमीटर चांदीच्या शोधाबद्दल बोलत होतो.

पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. आधी गावाच्या उत्तरेला उंटवाल्यांची जुनी मशीद बघितली. पत्र्याची, आपल्याकडच्या गोदामाएवढीसुद्धा नाही. दार बंद होतं. मी अण्णांना सांगितलं, रेल्वे नव्हती तेव्हा ह्या वाळवंटात सगळा माल उंटावरून जायचा, आणि उंट हाकायला माणसं आणली होती अफगाणिस्तानातून आणि तेव्हाच्या हिंदुस्थानातून.

"आपल्याकडची?"

"पंजाब, बलुचिस्तान, तिकडची."

"म्हंजे ड्रायव्हर."

"उंटांचे."

"ड्रायव्हर त्यो ड्रायव्हरच." त्यांनी पत्र्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "येवढ्या रानात पाण्याचं कसं करायचे रं ते?"

मला माहीत नव्हतं. "वाचून सांगतो," म्हणालो. दिवसभरात त्यांनी कुतूहलानं विचारलेला तो शेवटचा प्रश्न.

मग गाडी लावून आर्जेंट स्ट्रीटवर चालायला लागलो. त्या रस्त्याचं मला प्रेम आहे, आजही. दुमजली हॉटेलं, त्यांना लोखंडी जाळीचे लांबलचक व्हरांडे, पोस्टाचा घड्याळाचा मनोरा, आणि रस्त्यावर कुठूनही मान वळवली की दिसणारा तो काळा ढिगारा. ज्या टेकडीवरून गावाला नाव पडलं ती टेकडी माणसांनी खणून संपवली. आता टेकडीसारखं जे दिसतं तो मागे टाकलेला चुरा.

"आर्जेंट म्हणजे चांदी," मी सांगत होतो. "पुढचा ऑक्साइड स्ट्रीट. मग क्लोराइड, सल्फाइड, आयोडाइड. अख्खं गाव म्हणजे माझी बारावीची केमिस्ट्री आहे, अण्णा!"

"आपल्याकडं रस्त्याला पुढाऱ्यांची नावं देत्यात," ते म्हणाले. "हितं औषधांची दिली. बरं केलं."

रस्त्यावर माणूस नव्हता. सावली फक्त व्हरांड्यांखाली, आणि एका व्हरांड्यातून दुसऱ्यापर्यंत जाताना मधल्या मोकळ्या जागेत डोक्यावर कुणीतरी तवा धरल्यासारखं वाटायचं. जुन्या वस्तूंचं एक दुकान उघडं होतं. आत शिरलो. मालकीण सत्तरीची, बारीक, ऑफिसच्या चावीसारखा चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. नाव जॉइस. अण्णांनी पिशवीतून डबा काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"तिळगूळ घ्या. गोड गोड बोला."

"ओह नो, आय'म राइट, लव्ह. थँक्स." म्हणजे नको.

"टेक, टेक. वन."

"नो, रिअली."

"स्मॉल," अण्णा म्हणाले. "गुड. माय वाइफ."

जॉइस हसली, तिनं एक लाडू घेतला, चावला आणि दातांची काळजी करत का होईना, संपवला. अण्णा खूश. मग ती म्हणाली, "पाणी देऊ का तुम्हाला? फ्रिजमधलं आहे."

अण्णांनी छातीवर हात ठेवला. "नो नो. थँक्यू, थँक्यू."

"नो वरीज," ती म्हणाली आणि काउंटरकडे वळली.

आता ह्यात कुणाचं काय चुकलं? आमच्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. ती भीड असते. समोरच्यानं "असं कसं, घोटभर तरी" म्हणायचं, मग आपण हात पुढे करायचा. अण्णांनी तिला तीनदा आग्रह केला होता. तिनं एकदा विचारलं आणि त्यांचं नको मानानं ऐकलं. तिच्या मुलखात तोच शहाणपणा. दोन्हीकडची रीत ठाऊक असलेला त्या दुकानात मी एकटा होतो. आणि मी मान वर करून छताच्या नक्षीदार पत्र्याचा फोटो काढत होतो.

भीड अर्धीच होती, हेही मला कळायला हवं होतं. पाणी प्यालं की पोराला परत टॉयलेट शोधायला लावावं लागेल, हा उरलेला अर्धा भाग.

बाहेर आलो. एक चौक, दुसरा चौक. अण्णा आता व्हरांड्याच्या प्रत्येक खांबाला हात लावून चालत होते. मला वाटलं, कौतुकानं बघतायत. माझा टी-शर्ट काखेत भिजला होता आणि त्यांचा शर्ट कडक कोरडा. मी म्हणालोही, "बघा, तुम्हाला घामसुद्धा नाही. शेवटी बार्शीचा माणूस."

त्यांनी विचारलं, "गाडी कुठं लावली?"

"मागच्या गल्लीत."

थोड्या वेळानं परत, "गाडी कुठं लावली?"

सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उत्तर न देता त्यांना पोस्टाच्या मनोऱ्यासमोर उभं केलं, फोटोसाठी. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. कशाकडेच बघत नाहीयेत.

परत फिरलो. जॉइसच्या दुकानाजवळच एका हॉटेलच्या व्हरांड्यात बाक होता. तिथं बसले. मी नकाशा उघडून पुढचं काय ते शोधत होतो.

"डबल मार," अण्णा म्हणाले.

"काय?"

"डबल बेल मार की. चढली सगळी. कुर्डुवाडीला टायमात पोचायचं हाय."

मी हसलो. खोटं कशाला लिहू, मी हसलो. वाटलं, मजा करतायत. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी नीट, आणि परक्या माणसाला बोलावं तसं म्हणाले, "साहेब, दारात उभं राहू नका. आत सरका."

"अण्णा?"

"आत सरका, साहेब."

हात धरला तर तो तापलेल्या भांड्यासारखा. चेहरा लाल, ओठांना पांढरी कड. ते उठायला गेले आणि गुडघ्यातून खाली आले. त्यांचं डोकं माझ्या हातावर पडलं नसतं तर फरशीवर आपटलं असतं.

मी जॉइसच्या दुकानाकडे ओरडत पळालो. काय ओरडलो आठवत नाही, मराठीतच असणार. ती बाई त्या वयात माझ्या पुढे धावली. शेजारच्या पबमधून दोघं आले, त्यांनी अण्णांना उचलून तिच्या दुकानात पंख्याखाली नेलं, बर्फाची पिशवी आणली. जॉइसनं टॉवेल भिजवून मानेला, काखेत लावले, अँब्युलन्सला फोन केला, शर्टाची बटणं काढली. पिशवी बाजूला सरकवताना तिच्या हाताला बाटली लागली. तिनं ती वर धरून बघितली.

"मेट," ती म्हणाली, "ही तर उघडलेलीच नाही."

मी हॉस्पिटलच्या एसी कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. आईचा फोन आला. "पोचलात का रं? जेवलात का?" मागे बाळ रडत होतं.

"हो. जेवलो."

"त्यांना टोपी घाला म्हणावं."

"घातलीय."

तास गेला, दुसरा गेला. दार उघडलं की मी उभा राहायचो. दुसऱ्याच कुणासाठी उघडलेलं असायचं. आयुष्यात मी खूप परीक्षा दिल्या आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं नाही तरी काहीतरी लिहिता यायचं. इथे पेपर कुणाकडे होता तेच माहीत नव्हतं.

शेवटी डॉक्टर आली. माझ्याच वयाची असेल. ते शुद्धीवर आहेत, म्हणाली, ताप उतरतोय, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल. मग आत नेऊन विचारायला लागली. शेवटची लघवी कधी केली? सकाळी साडेआठ-नऊ, मी म्हणालो. मला ती वेळ चांगली माहीत होती. त्यानंतर पाणी किती प्याले? बहुतेक काहीच नाही, म्हणालो. का?

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली. "तुम्ही भाषांतर करा."

अण्णा सलाइनखाली पडले होते. डोळे ओळखीचे झाले होते. मी विचारलं, "अण्णा, डॉक्टर विचारतायत, पाणी का प्याला नाहीत?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डॉक्टरकडे बघून, तिला मराठी कळत असल्यासारखं सावकाश बोलले, "तिला सांग, पोरगं सारखं पाणी पुढं करत व्हतं. मीच म्हातारा हट्टी."

घरात इंग्रजी येणारा पहिला माणूस मी. त्या इंग्रजीसाठी आईनं दागिना मोडला होता, अण्णांनी डबल ड्यूट्या केल्या होत्या. ते सगळं इंग्रजी गोळा करून मी म्हणालो, "ही सेज, माय सन केप्ट ऑफरिंग. आय वॉज स्टबर्न."

शब्दाला शब्द बरोबर होता. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

डॉक्टरनं लिहून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्या पिढीचे लोक असेच असतात," म्हणाली. "तुम्ही वेळेवर आणलंत."

दोन दिवस त्यांना ठेवलं. येताना मी प्रत्येक गावात न विचारता गाडी थांबवली. ते प्रत्येक वेळी न बोलता उतरले, जाऊन आले, पट्टा लावला. फेब्रुवारीत दोघं गावी परत गेले. आईला आम्ही "जरा चक्कर आली" एवढंच सांगितलं, आणि तिनं जरा कमी विश्वास ठेवला. त्यानंतर चार वर्षं आम्ही सगळ्यावर बोललो, पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, नातीचे दात. त्या रस्त्याकडेच्या वाक्यावर नाही. लॅबमध्ये मी दगडातला खोटेपणा दशांश चिन्हापुढे चार घरं शोधतो. ते जमतं.

आज दुपारी तीनला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे दहा, अण्णा मफलर बांधून अंगणात कोवळ्या उन्हाला पाठ देऊन बसलेले. नात "हाय आजोबा" म्हणून पळाली. ते सांगत होते की पासपोर्टची मुदत अजून आहे, आईचं मन आहे परत एकदा यायचं. मी हो हो म्हणत होतो आणि बाहेर वारा पत्र्याच्या कुंपणाला धडका मारत होता. अचानक मी म्हणालो, "अण्णा, एक सांगायचंय. तेव्हा डॉक्टरला मी खरं सांगितलं नाही. पाणी बेतानं प्या असं मीच म्हणालो होतो. माझ्यामुळे झालं ते."

  अण्णा मफलर जरा सैल करून म्हणाले, "मला कशाला सांगतोस? मी गाडीतच व्हतो की."

 त्यांनीच विचारलं, "तिकडं ऊन किती हाय आज?"

"त्रेचाळीस."

"पाणी पितोस का?"

"पितो की."

अण्णा स्क्रीनच्या जवळ आले. कपाळ आणि डोळेच दिसायला लागले.

"माझ्यासमोर पी."

"अण्णा, अहो..."

"ऊठ. आण."

मी उठलो. ग्लास भरून आणला, फोनसमोर उभा राहिलो आणि प्यायला लागलो. अर्ध्यावर थांबून श्वास घेतला. ते हलले नव्हते.

"समदं," अण्णा म्हणाले.